क्युबिकलच्या खिडकीतून : तीस जणांची संध्याकाळ



यावेळचा विषय आमच्या धंद्यातला नाही. सर्व्हर, डेडलाइन आणि ग्रीन कार्डाची रांग या गोष्टी पुढच्या महिन्यातही असणारच आहेत, त्यांना काही पाय फुटत नाहीत. यावेळी लिहितोय ते बायकोच्या पहिल्या नोकरीबद्दल. ती नर्स आहे. न्यू जर्सीतल्या एका नर्सिंग होममध्ये, संध्याकाळच्या पाळीला. (आपल्याकडे कोपऱ्यावर बाळंतपणाचं नर्सिंग होम असतं, ते हे नव्हे. इथे वृद्ध, अंथरुणाला खिळलेली, विस्मरण झालेली माणसं महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं राहतात. त्यांना पेशंटसुद्धा म्हणत नाहीत, रेसिडेंट म्हणतात.) लिहायच्या आधी तिची परवानगी घेतली आहे. तिची अट एकच, कुणी ओळखू येईल असं काही लिहायचं नाही. तेव्हा बारीकसारीक तपशील बदलले आहेत. गोष्ट तीच आहे.

थोडी पूर्वपीठिका. ही पुण्याची, मायक्रोबायॉलॉजीवाली. लग्न होऊन एच-४ वर इथे आली आणि बऱ्याच जणींचं होतं तेच झालं. घर, लायब्ररी, इंडियन स्टोअर आणि पुन्हा घर. एच-४ वर शिकायला परवानगी असतेच. २०१५ पासून, नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं काम ठरावीक टप्प्यापर्यंत गेलं असेल तर, नोकरीचीही परवानगी मिळायला लागली. मग हिने काउंटी कॉलेजात नर्सिंगला नाव घातलं. आधीचे विषय, मग दोन वर्षांचा कोर्स, मध्ये चिरंजीवांचा जन्म आणि कोविड. २०२३ च्या उन्हाळ्यात एनक्लेक्सची परीक्षा झाली. ही परीक्षा आपली उत्तरं बघून पुढचा प्रश्न ठरवते. तेव्हा कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न होते. हिचा कॉम्प्युटर ८५ ला बंद झाला. दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. पास झाली! पेढे इथे कुठले, काजूकतली वाटली.

मोठ्या हॉस्पिटलांना चार वर्षांची डिग्री नाहीतर अनुभव हवा होता. नर्सिंग होमने मात्र फोनवरच विचारलं, कधीपासून येता? आम्हाला वाटलं, चला, वृद्धांची सेवा, शांत जागा, शिकायला बरं. त्यांना इतकी घाई का आहे, हा प्रश्न तेव्हा आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नाही. मी तर इंजिनियर! ज्या टीममध्ये जागा नेहमीच रिकामी असते तिथे काहीतरी कारण असतं, एवढं मला कळायला हवं होतं.

कॉलेजात क्लिनिकलला जायची तेव्हा तिच्या वाट्याला एक पेशंट असायचा, फार तर दोन. मागे शिक्षिका उभी. नर्सिंग होममध्ये एका विंगमध्ये ३० जण आणि संध्याकाळी ३ ते ११ त्या विंगला एक नर्स. शिकवणीचे दोन आठवडे कबूल केले होते. प्रत्यक्षात चार संध्याकाळी मिळाल्या. पाचव्या दिवशी दुसऱ्या विंगची नर्स आली नाही म्हणून हिच्या गुरूला तिकडे पाठवलं, आणि जाताना त्यांनी किल्ल्यांचा जुडगा हिच्या हातात दिला. त्या किल्ल्यांत अफूजन्य औषधांच्या कपाटाची किल्लीही असते. पाळी बदलताना दोन नर्सेसनी मिळून एकेक गोळी मोजायची आणि सह्या करायच्या. एकदा सही केली की त्या गोळ्यांची जबाबदारी तुमची.

आता आकडे बघा, कारण मला कळलं ते आकड्यांतूनच. कुणाला कुठलं औषध कधी द्यायचं याची यादी असते, तिला तिकडे ‘मार’ म्हणतात. नाव ऐकून मी पहिल्यांदा हसलो होतो. पाच वाजताची औषधं तिथल्या नियमाप्रमाणे चार ते सहामध्ये द्यायची. म्हणजे १२० मिनिटं, ३० माणसं, माणशी चार मिनिटं. या चार मिनिटांत यादी वाचायची, गोळ्या काढायच्या, माणूस तोच आहे ना हे बघायचं. ज्यांना गिळता येत नाही त्यांच्या गोळ्या कुटून सफरचंदाच्या गरात कालवायच्या. त्यातही सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नाहीत, कारण सगळा डोस एकदम अंगात जातो. चमच्याने भरवायचं, गिळलं का बघायचं, नोंद करायची. सात-आठ जणांना जेवणाआधी बोट टोचून साखर बघायची आणि इन्सुलिन द्यायचं. लवकर काम करणारं इन्सुलिन देऊन जेवणाचा ट्रे उशिरा आला तर साखर धाडकन खाली. एकाला पोटातल्या नळीवाटे औषध. आणि हे सगळं कधी? तर कुणी हाक मारली नाही, फोन वाजला नाही, कुणी पडलं नाही तर.

हाका मारतातच. विस्मरण झालेल्या माणसांना दिवस कलताना जास्त अस्वस्थ वाटतं. एक आजोबा रोज साडेचारला कोट घालून दाराशी उभे, त्यांना आगगाडी गाठायची असते. एक बाई आपल्या आईला शोधत असतात. त्यातच हॉस्पिटलमधून सुटून आलेला नवा रेसिडेंट हमखास संध्याकाळी सहाला दारात येतो, बरोबर वीस औषधांची यादी. त्याच वेळी कुणाची तरी मुलगी कॅलिफोर्नियाहून फोन करते, आज बाबा जेवले का? आणि कुणी पडलं, पडताना कुणी बघितलं नसलं, तर डोक्याला लागलं असेलच असं धरून पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी तपासायचं. डॉक्टरला फोन, घरच्यांना फोन, कागदपत्रं. ती व्यक्ती रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असेल तर बहुतेक वेळा ॲम्ब्युलन्स.

आमच्या धंद्यात याला कपॅसिटी प्लॅनिंग म्हणतात. शंभर रिक्वेस्ट झेपणाऱ्या मशीनवर तीनशे टाकल्या आणि ते कोसळलं, तर मशीनला कुणी नालायक म्हणत नाही. पण माणूस स्वतःला म्हणतो.

हिने म्हटलंच. पहिल्या महिन्यात तिचं वजन उतरलं. पाणी प्यायची नाही, कारण मग बाथरूमला जावं लागतं. डबा तसाच परत यायचा. साडेअकराला कार्ड पंच करून ही पुन्हा आत जाऊन बसायची आणि राहिलेल्या नोंदी लिहायची, फुकट. घरी यायला एक वाजायचा. चिरंजीवांना आई दिसायची ती सकाळी, शाळेची बस येईपर्यंत वीस मिनिटं. झोपेत गोळ्या मोजायची. मी विचारलं की म्हणायची, “बाकीच्या करतात ना. मीच स्लो आहे.”

मग ऑक्टोबरातली ती रात्र आली. सहावा आठवडा.

रात्री नऊची औषधं चालू होती. दोन खाटांची खोली, दोघी साधारण एका वयाच्या, दोघींचे केस पांढरे, दोघींना विस्मरण. यादीत फोटो असतो, पण तो बाई आल्या तेव्हाचा, बऱ्याच वर्षांपूर्वीचा. मनगटाला पट्टी नाही, कारण ते त्यांचं घर आहे, हॉस्पिटल नाही. मागे बेल वाजत होती. हिने विचारलं, “तुम्ही मिसेस अमुक ना?” बाई गोड हसून म्हणाल्या, हो. हिने गोळ्या भरवल्या. पलीकडच्या खाटेशी गेली, तर तिथल्या बाईंनी आपणहून नाव सांगितलं. तेच नाव!

शेजारणीची रक्तदाबाची गोळी भलत्याच बाईंना गेली होती. त्या बाईंची स्वतःची रक्तदाबाची गोळी पाचलाच झालेली. ब्लड प्रेशर बघितलं तर ९८/५४, नाडी ५२.

ही मला नंतर म्हणाली, “अरे, दहा सेकंद मी नुसती उभी होते. कुणी बघितलं नव्हतं. बहुतेक काही झालंही नसतं. आणि माझ्या डोक्यात एकच, लायसन्स गेलं.”

त्या दहा सेकंदांनंतर तिने सुपरवायझरला फोन केला. मंडळी, हा लेख मी त्या फोनसाठी लिहितोय. सुपरवायझरबाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, आधी वेळ लिही, मग डॉक्टरला फोन लाव. डॉक्टरने सांगितलं, रात्रभर दर तासाला प्रेशर आणि नाडी बघा, अमुक आकड्याच्या खाली गेलं तर मला उठवा, त्यांना एकटीने उठून चालू देऊ नका. मग त्या बाईंच्या मुलीला फोन. रात्री सव्वादहाला. हिने सांगितलं, माझ्या हातून चूक झाली, तुमच्या आईला शेजारच्यांची गोळी गेली, आता असं असं आहे आणि आम्ही असं असं करतोय. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती मुलगी म्हणाली, सांगितल्याबद्दल थँक यू, मी सकाळी फोन करते.

बाईंना काही झालं नाही. सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे ओटमील खाल्लं. पण हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या रात्री दोनला गाडी पार्किंगमध्ये येऊन थांबली आणि बराच वेळ दार उघडेना. मी चपला घालून खाली गेलो. ही स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. “मी उद्यापासून जाणार नाही,” एवढंच म्हणाली.

आता माझा पराक्रम ऐका. मी इंजिनियर असल्यामुळे लगेच रूट कॉज ॲनालिसिस! “अगं, बारकोड स्कॅनर का नाही तिकडे? फोटो अपडेट का करत नाहीत?” दुसऱ्या दिवशी ही झोपलेली असताना मी एक एक्सेल तयार केलं. तीस ओळी, वेळेचे कॉलम, रंग बदलणारे रकाने. झक्कास झालं होतं. उठल्यावर चहाबरोबर दाखवलं. तिने शांतपणे लॅपटॉप मिटला. “मला एक्सेल नको आहे रे. तू दहा मिनिटं काही न सुचवता बसू शकतोस का?”

बसलो. खोटं कशाला सांगू, अवघड गेलं.

त्या दहा मिनिटांत, म्हणजे खरं तर दीड तासात, जे बोलणं झालं त्यातून एक गोष्ट पुढे आली. ती दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करून स्वतःला झोडपत होती. नाव विचारण्याची पद्धत चुकली, ही तिची चूक. “तुम्ही अमुक ना?” असं विस्मरण झालेल्या माणसाला विचारलं तर उत्तर “हो”च येतं. “तुमचं नाव काय?” असं विचारायचं, आणि शिवाय दुसरी एक खूण पटवायची, हे कॉलेजात घोकून घेतलेलं होतं. ते तिने त्या दिवसापासून सुधारलं, आणि फोटो नवे काढायला लावले. पण तीस माणसं, चार मिनिटं आणि चार दिवसांचं शिक्षण ही तिची चूक नव्हती. पहिली गोष्ट कबूल करायची आणि दुसरीचं ओझं स्वतःवर घ्यायचं नाही, हे तिला ज्या दिवशी जमलं त्या दिवशी राजीनामा मागे पडला. “आणखी एक महिना बघते,” म्हणाली.

यावर नर्सिंगच्या लोकांनी पूर्वीच विचार करून ठेवला आहे, हे मला नंतर तिच्या पुस्तकांतून कळलं. मार्लिन क्रॅमर या बाईंनी १९७४ साली ‘रिॲलिटी शॉक’ नावाचं पुस्तकच लिहिलं. कॉलेजात शिकलेलं नर्सिंग आणि वॉर्डातलं नर्सिंग यांच्यातली दरी बघून नव्या नर्सेसना जो धक्का बसतो, त्याबद्दल. दुसऱ्या पॅट्रिशिया बेनर. त्यांनी १९८४ च्या पुस्तकात नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या. गंमत म्हणजे ही शिडी त्यांनी बर्कलीच्या ड्रायफस बंधूंकडून घेतली, आणि त्या बंधूंनी ती बुद्धिबळपटू आणि विमानचालक यांच्यावरून बांधली होती. बेनरबाईंच्या हिशोबाने एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं गेल्यावर नर्स तिसऱ्या पायरीवर, म्हणजे काम नीट आखून पार पाडण्याच्या पायरीवर येते. दोन-तीन वर्षं! आणि आमची ही सहाव्या आठवड्यात स्वतःला स्लो म्हणत होती.

पण पुस्तकांपेक्षा जास्त उपयोग झाला तो हायतीच्या मावशींचा. ‘मावशी’ हे आमच्या घरातलं नाव. या तिथल्या नर्सिंग असिस्टंट, वीसेक वर्षं त्याच विंगमध्ये. अंघोळी, कपडे बदलणं, कुशीवर वळवणं, भरवणं, हे सगळं काम या बायका करतात. देशपातळीवर या कामाला किमान ७५ तासांचं शिक्षण लागतं, पगार बेताचा, आणि माणसांची माहिती मात्र यांना सगळ्यात जास्त. मावशींनी एकदा हिला हाताला धरून थांबवलं आणि जे सांगितलं ते मराठीत असं, “तू पळतेस ना, ते बघून हे सगळे उठायला लागतात. उठले की पडतात. पडले की तुझा एक तास जातो. तू चाल.”

ही चालायला लागली. ज्या दिवशी पळाली नाही त्या दिवशी आगगाडीवाले आजोबासुद्धा लवकर खुर्चीत बसले, असं ती शपथेवर सांगते.

त्यानंतर काय काय बदललं, ते क्रमाने लिहितो. कुणाच्या घरात नवी नर्स असेल तर उपयोग होईल.

१. पाळी सुरू झाल्याबरोबर औषधांच्या गाडीकडे जायचं नाही. आधी मावशी आणि इतर असिस्टंट मुलींना एकच प्रश्न विचारायचा, “आज नेहमीसारखं कोण नाही?” कोण जेवलं नाही, कोण गप्प आहे, कोण उगाच चिडतंय. वृद्धांचा आजार बरेचदा तापाने सुरू होत नाही, वागणूक बदलण्याने सुरू होतो. एकदा याच प्रश्नामुळे एका आजींचं न्यूमोनियाचं दुखणं एक दिवस आधी पकडलं गेलं.

२. खोली नंबर एकपासून सुरुवात करायची नाही. घड्याळाची औषधं आधी. म्हणजे जेवणाआधीचं इन्सुलिन, पार्किन्सनची गोळी (ती अर्धा-पाऊण तास उशिरा झाली तर माणूस अक्षरशः जागच्या जागी थिजतो), वेदनेची औषधं, अँटिबायोटिक. व्हिटॅमिन शेवटी.

३. खिशात घडी घातलेला एक कागद. तीस ओळी, प्रत्येकापुढे चार शब्द. तिथल्या नर्सेस या कागदाला आपला ‘मेंदू’ म्हणतात. डोक्यात ठेवायचं नाही, कागदावर ठेवायचं. (माझं एक्सेल ते हेच होतं, असं मी एकदा म्हणून बघितलं. परत म्हणालो नाही :-))

४. नोंद तिथल्या तिथे. आणि लिहीत बसावं लागलं तर तो वेळ कार्डावर दाखवायचा. कार्ड पंच करून फुकट काम करायचं नाही. यात नुसत्या पैशाचा प्रश्न नाही. आठ तासांचं काम दहा तासांत होतंय हे कागदावर आलंच नाही, तर वरच्यांना ते कधी दिसणारच नाही. पहिल्यांदा तिने खरा वेळ टाकला तेव्हा तिला बोलावणं आलं. गेली आणि शांतपणे कामांची यादी पुढे ठेवली.

५. सुट्टीच्या दिवशी सकाळी फोन येतो, आज येणार का, कुणी नाहीये. सुरुवातीला ही दरवेळी हो म्हणायची. आता महिन्यातून एकदा हो म्हणते. “नाही जमणार, सॉरी” हे वाक्य आरशासमोर म्हणून बघितलंय तिने. आपल्याकडच्या मुलींना हे वाक्य शिकवतच नाहीत.

६. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, औषधंच कमी केली. म्हणजे तिने नाही, तिला तो अधिकार नाही. पण फेडरल नियमाप्रमाणे नर्सिंग होममधल्या प्रत्येकाची औषधं महिन्यातून किमान एकदा फार्मासिस्टने तपासायची असतात. हे फार्मासिस्ट गृहस्थ यायचे, फायली बघायचे आणि जायचे. हिने युनिट मॅनेजरच्या परवानगीने त्यांच्यासाठी एक यादी केली. पाच वाजता कुणाकुणाला फक्त कॅल्शियम, व्हिटॅमिन किंवा पोट साफ होण्याची गोळी आहे, ती सकाळी हलवता येईल का? काही औषधांची आता गरज आहे का? फार्मासिस्टने शिफारशी केल्या, डॉक्टरांनी त्यांतल्या बऱ्याच मान्य केल्या. दीड-दोन महिने लागले. शेवटी तीसपैकी अकरा जणांना पाच वाजता काहीच द्यायचं उरलं नाही. माणशी चार मिनिटांची सहाच्या वर झाली.

हे ऐकल्यावर माझी छाती उगाचच फुगली, कारण ही तर आमची विद्या! सिस्टीम हळू चालते म्हणून प्रत्येक वेळी प्रोसेसर बदलायचा नसतो, आधी नको असलेले जॉब बंद करायचे. फरक इतकाच की आमच्या जॉबला आई-बाप नसतात.

आता एक कटू गोष्ट. एका नर्सने किती माणसं सांभाळायची, याला देशपातळीवर आकडा नाही. १९८७ च्या कायद्याने नर्सिंग होमना शिस्त लावली. चोवीस तास लायसन्सवाली नर्स हवी, त्यातली रजिस्टर्ड नर्स दिवसातून सलग आठ तास हवी, आणि बाकी स्टाफ ‘पुरेसा’ हवा. पुरेसा म्हणजे किती, ते ज्याचं त्याने ठरवायचं. २०२४ च्या एप्रिलमध्ये सरकारने पहिल्यांदा आकडा जाहीर केला होता. प्रत्येक रेसिडेंटमागे दिवसाला ३.४८ तास नर्सिंग आणि चोवीस तास रजिस्टर्ड नर्स. नर्सिंग होमवाले कोर्टात गेले, इतकी माणसं आणि पैसे आणायचे कुठून म्हणून. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधल्या फेडरल कोर्टाने तो नियम रद्द केला. आमच्या न्यू जर्सीत २०२१ पासून राज्याचा नियम आहे. सकाळी दर ८ जणांमागे एक असिस्टंट, संध्याकाळी दर १० जणांमागे आणि रात्री दर १४ जणांमागे हाताखाली काम करणारं एक माणूस. पण औषधाची गाडी ढकलणाऱ्या नर्सच्या मागे किती जण, हे त्यात नाही. तेव्हा वरच्या सहा गोष्टींनी नोकरी झेपण्याजोगी होते. बरोबर होते असं मी म्हणणार नाही. आणि एखादीने हे सगळं करूनही नोकरी सोडली, तर ती हरली असंही कुणी म्हणू नये. हिच्याबरोबर लागलेल्या दोघींनी सोडली. त्यातली एक आता शाळेत नर्स आहे आणि मजेत आहे.

घरच्यांनी काय करायचं? मी शिकलो ते एवढंच. ती घरी आल्यावर पहिला अर्धा तास एकही प्रश्न नाही, सल्ला तर नाहीच. खिचडी गरम करून ठेवायची. तिला बोलायचं असेल तर ती बोलते. नसेल तर आम्ही दोघं मुकाट्याने जेवतो, रात्री बारा वाजता, लोणच्याची बरणी मध्ये ठेवून.

आणि एक गोष्ट माझ्यात बदलली, ती लिहिताना जरा लाज वाटते. माझी आई नाशिकला असते. पडल्यापासून तिच्याकडे ब्युरोच्या एक मावशी येतात, बारा तासांसाठी. मी इथून शनिवारी फोन करायचो आणि पहिलं वाक्य असायचं, “आठची गोळी साडेआठला का दिली?” आईने सांगितलेलं असायचं. मी अगदी मॅनेजरच्या आवाजात विचारायचो. डॉलरमध्ये कमावणारा मुलगा, सात समुद्रांपलीकडून क्वालिटी कंट्रोल करतोय! त्या मावशी एकट्या आईला उठवतात, न्हाऊ घालतात, स्वयंपाक करतात, आणि त्यांच्या स्वतःच्या घरी दोन मुलं आहेत, हे मला दोन वर्षांत माहीत नव्हतं. आता मी आधी विचारतो, “मावशी, तुम्ही जेवलात का?” पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांना वाटलं मी काहीतरी खोड काढतोय. मग हळूहळू बोलायला लागल्या. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांनी आपणहून सांगितलं, “दादा, एकदा माझ्याकडून आजींना गोळी दोनदा गेली होती, तुम्हाला सांगायला घाबरले.” मी रागावलो नाही. कधी झालं, कुठली गोळी, ते विचारून घेतलं आणि आठवड्याच्या गोळ्या कप्प्यांच्या डबीत भरून ठेवायची सोय केली. चूक सांगता येईल असा माणूस फोनच्या पलीकडे असणं किती मोलाचं आहे, हे मी त्या ऑक्टोबरात शिकलो होतो.

असो. बायकोला तिथे आता दोन वर्षांहून जास्त झाली. अजूनही काही रात्री ती गाडीत थोडा वेळ बसते. मी खिडकीतून बघतो, खाली जात नाही, गॅस लावतो. नव्या नर्सेस आल्या की शिकवायचं काम आता तिच्याकडे असतं. दोन आठवडे म्हणजे दोन आठवडे, असं तिने लेखी घेतलंय. पहिल्या दिवशी ती त्यांना औषधाची गाडी दाखवत नाही. मावशींकडे नेते आणि ओळख करून देते.

हा मजकूर पाठवण्याआधी तिला वाचून दाखवला. तिची दुरुस्ती अशी की खिचडी मी गरम करतो हे खरं, पण लावते तीच, सकाळी. दुरुस्ती मान्य.

पुढच्या महिन्यात पुन्हा आपले सर्व्हर. तोपर्यंत काळजी घ्या, आणि ज्यांच्या घरी कुणी रात्रपाळी करतंय त्यांनी लोणचं संपू देऊ नका.

आपला,
क्युबिकलवाला